गोदीतला माणूस शोधताना: मुंबईच्या जुन्या जहाजबांधणी कारागिराचे चरित्र कसे जुळवावे

माझ्या पहिल्या वहीत मुंबई गोदीतला एक सुतार सलग ८१ वर्षे कामावर होता. ना रजा, ना आजारपण. आजोबा आणि नातू यांची नावे तंतोतंत एक होती आणि दोघांच्या नोंदी मी एकाच माणसाच्या नावावर चढवल्या होत्या, हे कळायला एक अख्खा पावसाळा गेला.

पूर्वजाचा किंवा एखाद्या जुन्या जहाजकाराचा शोध घ्यायला निघालेले बहुतेक लोक हाच घोटाळा करतात, कारण ते हातात नुसते नाव घेऊन थेट पुराभिलेखागारात जाऊन बसतात. नाव ही या शोधातली सर्वांत कच्ची वस्तू आहे. जहाज पक्के, तारीख त्याहून थोडी कमी पक्की, आणि नाव सगळ्यांत शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. क्रम मोडू नका.

टप्पा १: घरची गोष्ट वहीच्या शेवटच्या पानावर

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर चार रकाने आखा: काय लिहिले आहे, कोणी लिहिले, केव्हा लिहिले, आणि मी ते कुठे पाहिले. तिसऱ्या रकान्याचा लोक कंटाळा करतात आणि पुढे तोच नडतो. १७७४ च्या मृत्यूबद्दल १७७४ मध्ये लिहिलेली ओळ वेगळी आणि शंभर वर्षांनी छापलेली ओळ वेगळी.

आजीने सांगितलेले, लग्नात कुणी काकांनी सांगितलेले, संकेतस्थळावर वाचलेले असे सगळे शेवटच्या पानावर लिहा आणि पान दुमडून ठेवा. ते फेकायचे नाही. पण ते पुरावा म्हणून पुढच्या पानांत शिरूही द्यायचे नाही.

आता एक प्रश्न स्वतःला विचारा: हा माणूस नेमका कोणाच्या पगारावर होता? ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई गोदीत असेल तर कागद इंग्रजीत आणि काळा घोड्याजवळच्या पुराभिलेखागारात. आंग्र्यांच्या किंवा पेशव्यांच्या आरमारात गलबते बांधत असेल तर कागद मोडीत, आणि वाट पुण्याच्या पेशवे दप्तराकडे जाते. सुरतेहून मुंबईला आलेला असेल तर दोन्ही गावांचे कंपनी दप्तर पाहावे लागते. हे ठरवल्याशिवाय पुढे जाल, तर चुकीच्या शहरात सहा महिने काढाल.

टप्पा २: नावाच्या सगळ्या वळणांची यादी

मुंबई गोदीचे मुख्य बांधकाम अधिकारी, म्हणजे कागदात ज्यांना मास्टर बिल्डर म्हटले आहे ते, पिढ्यान्‌पिढ्या एकाच पारशी घराण्यातले होते. १७३६ मध्ये सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी हे त्यातले पहिले. आज आपण त्यांना सरसकट वाडिया म्हणतो. पण जुन्या कागदात 'वाडिया' शोधायला गेलात तर हात रिकामे परततील. तिथे स्वतःचे नाव आणि बापाचे नाव, बस्स. रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये ज्यांना फेलो म्हणून निवडले ते वाफेच्या यंत्रांचे जाणकारही तिथे नुसते अर्देशीर कर्सेटजी आहेत.

म्हणून यादी करा. लवजीचे लावजी, लौजी, लोजी. नसरवानजीचे नुसेरवानजी, नसरवंजी. जमशेटजीचे जमसेटजी, जमसेतजी. मानेकजीचे मोनाकजी. इंग्रज कारकुनाने कानाला जसे आले तसे लिहिले आहे, तेही एकाच पानावर दोन तऱ्हांनी. शिवाय अठराव्या शतकातल्या हस्ताक्षरात शब्दाच्या मधला एस हा एफसारखा दिसतो. 'नुसेर'चे 'नुफेर' वाचून पान उलटले की माणूस निसटला.

सावधान: बोमनजींचा मुलगा जमशेटजी, म्हणून जमशेटजी बोमनजी. त्याच्या मुलाला आजोबांचे नाव दिले की तो बोमनजी जमशेटजी, आणि त्याचा मुलगा पुन्हा जमशेटजी बोमनजी. एक पिढी सोडून नाव फिरून येते. दत्तक गेलेला असेल तर बापाचे नावच बदललेले असते. त्यामुळे नावापुढे कंसात अंदाजे वर्ष लिहिल्याशिवाय वहीत एकही नाव उतरवू नका. माझा ८१ वर्षांचा सुतार इथेच जन्मला होता.

दुसरी गफलत म्हणजे त्या घराण्यातला प्रत्येक जण जहाजेच बांधत होता असे धरून चालणे. प्रिन्सेस स्ट्रीटवरचे १८३० चे वाडियाजी आतशबेहराम ज्यांच्या स्मरणार्थ उभे राहिले ते होरमसजी बोमनजी व्यापारी होते. करवत हातात धरणारे त्यांचे भाऊ.

पारशी नसलेल्या कारागिरांची अडचण वेगळी. हजेरीपटात पुष्कळदा नुसते एकेरी नाव आणि हुद्दा असतो, कधी नुसती संख्या: सुतार इतके, लोहार इतके. तुमचा माणूस असा असेल तर त्याचे एकट्याचे चरित्र मिळण्याची शक्यता कमी. त्याच्या टोळीचे, त्याच्या पगाराचे, त्याने हात लावलेल्या जहाजाचे चरित्र मिळू शकते. ते आधीच मान्य करून निघालात तर पुढची निराशा टळेल.

टप्पा ३: तारखा एका मापात आणा

हा टप्पा रुक्ष आहे, पण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पाच कालगणना समोर येतील.

इंग्रजी कागदात १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे कागदावर १२ फेब्रुवारी १७३५ असेल तर आजच्या हिशेबाने ते १७३६. शिवाय १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. लवजींसारख्या माणसाच्या आगमनाचा काळ पाहताना १७३५ चे शेवटचे महिने चाळले नाहीत तर नेमकी नोंद हुकते.

पारशी नोंदीत यज्दगर्दी सन, माह (महिना) आणि रोज (दिवस) असतो. सनात ६३० मिळवा. तारीख जानेवारी ते पारशी नववर्ष यांच्यामधली असेल तर ६३१. यज्दगर्दी ११९० म्हणजे १८२०-२१. पण शहेनशाही आणि कदमी या दोन पारशी पंथांच्या गणनेत एक महिन्याचा फरक आहे, कदमी पुढे चालते. कुटुंब कोणत्या पंथाचे ते आधी नक्की करा, नाहीतर प्रत्येक तारीख तीस दिवसांनी चुकेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

गुजराती वहीखात्यात विक्रम संवत असतो, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करा. मराठी कागदात शक असेल तर ७८ किंवा ७९ मिळवा. आणि पेशवाईच्या दप्तरात सुहूर सन, तोही अरबी शब्दांत आणि एकम आधी: 'अर्बा सितैन मया व अलफ' म्हणजे चार, साठ, शंभर आणि हजार, ११६४. हे वर्ष मृगाला सुरू होते. डिसेंबरपर्यंत ५९९ आणि त्यापुढे ६०० मिळवा, म्हणजे १७६३-६४.

तपासा: वहीत मूळ तारीख आणि बदललेली तारीख दोन्ही लिहिली आहेत ना? नुसती बदललेली लिहिली असेल तर उद्या चूक सापडल्यावर परतायला वाट राहत नाही.

टप्पा ४: आधी जहाजांचा तक्ता

आता माणूस बाजूला ठेवा आणि जहाजे घ्या. एका जहाजाला किमान चार तारखा असतात: मागणीची, कणा (तळाचे मुख्य लाकूड) घातल्याची, पाण्यात उतरवल्याची आणि पहिल्या सफरीला निघाल्याची. लोक यातली एक उचलतात आणि 'बांधले' असे लिहून मोकळे होतात.

'त्रिंकोमाली'चे उदाहरण घ्या. या लढाऊ जहाजाची मागणी १८१२ ची. आराखडे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईकडे निघाले, आणि त्याच डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकनांनी 'जावा' जिंकले. आराखडे गेले. ते पुन्हा पाठवावे लागले, कणा पडला १८१६ मध्ये, आणि जहाज पाण्यात उतरले १२ ऑक्टोबर १८१७ ला. जमशेटजी बोमनजी तेव्हा मास्टर बिल्डर. ते १८२१ मध्ये वारले. समजा तुमच्या घरी सांगतात की पणजोबांचे पणजोबा १८१४ मध्ये गेले आणि त्यांनी 'त्रिंकोमाली' बांधली. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. एक ओळ तपासली आणि तीन आठवडे वाचले. (हे जहाज आजही तरंगते आहे, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला.)

एकाच नावाची दोन जहाजे हा दुसरा सापळा. मुंबईत १८००-०१ मध्ये बांधलेले 'कॉर्नवॉलिस' १८०५ मध्ये ब्रिटिश आरमाराने विकत घेतले आणि १८११ मध्ये त्याचे नाव 'अकबर' झाले. १८१३ चे 'कॉर्नवॉलिस' वेगळे, ७४ तोफांचे. १८४२ चा नानकिंगचा तह त्याच्यावर झाला. पहिल्याच्या गोष्टी दुसऱ्याला चिकटवलेल्या मी छापील पुस्तकांतही पाहिल्या आहेत.

आता एक युक्ती, जी ससून डॉकवरच्या कोणत्याही कोळीणबाईला सांगावी लागणार नाही. मुंबईत मोठी जहाजे सुक्या गोदीत बांधत आणि भरतीला दारे उघडून बाहेर काढत. इतके खोल बूड बाहेर निघायला उधाणाची भरती लागते, आणि उधाण येते अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे. भांगाच्या, म्हणजे कमजोर भरतीच्या, दिवसांत कोणी ७४ तोफांचे जहाज बाहेर काढायला जाणार नाही. म्हणून जुन्या तारखेची चंद्रकला काढून पाहा. त्यासाठी फुकट गणकयंत्रे मिळतात. १२ ऑक्टोबर १८१७ च्या आधी एक-दोन दिवस अमावास्या होती. मुंबईतच बांधलेले 'मिंडेन' १९ जून १८१० ला उतरले, त्याच्या एक-दोन दिवस आधी पौर्णिमा. दोन्ही जुळतात. तुमच्याकडची तारीख अष्टमीच्या आसपास पडत असेल तर ती लगेच खोटी ठरत नाही, छोटे गलबत असेल तर चालूनही जाईल. पण मोठ्या जहाजाबाबत असे झाले तर तारखेपुढे लाल प्रश्नचिन्ह काढा आणि दुसरा पुरावा शोधा.

'मिंडेन'चा विषय निघालाच आहे, तर अमेरिकेचे राष्ट्रगीत या मुंबईच्या जहाजावर लिहिले गेले ही गोष्ट वहीत घेऊ नका. ते लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की १८१४ मधल्या बाल्टिमोरवरच्या हल्ल्याच्या त्या रात्री, कैद्याच्या सुटकेसाठी पांढऱ्या निशाणाखाली आलेल्या अमेरिकन नौकेवर होता. जहाज कोणत्या दिवशी कुठे होते हे कप्तानाच्या रोजनाम्यात असते. ब्रिटिश आरमाराचे असे रोजनामे लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात आहेत. दंतकथा तपासायची ती तिथे.

टप्पा ५: छापील साधने, आणि त्यांतले उतारे

पुराभिलेखागारात जाण्याआधी दोन छापील गोष्टी हातावेगळ्या करा. १९०९-१० चे मुंबई शहर व बेटाचे तीन खंडी गॅझेटियर, आणि बोमनजी बेहरामजी पटेल यांचा गुजराती 'पारसी प्रकाश'. दुसऱ्यात पारशी समाजातल्या मृत्यूंच्या आणि मोठ्या घडामोडींच्या नोंदी कालक्रमाने आहेत. गुजराती लिपीला घाबरू नका. देवनागरी येणाऱ्याला ती आठवड्यात जमते; फक्त ख, च, ज, ब, फ अशा काही अक्षरांची वळणे वेगळी आहेत, ती एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवा.

वर्तमानपत्रांबाबत एकच सांगतो. 'मुंबई समाचार' १८२२ चा, बाळशास्त्रींचे 'दर्पण' १८३२ चे. त्याआधीच्या घटनेसाठी देशी भाषेतली बातमी शोधण्यात अर्थ नाही, इंग्रजी पत्रेच पाहावी लागतात.

आणि जहाजकारांनी स्वतः लिहिलेले काही आहे का, तेही बघा. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे १८३८ मध्ये जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले. त्यांची रोजनिशी १८४१ मध्ये लंडनला छापली गेली. गोदीतल्या माणसाच्या डोळ्यांनी गोदी पाहायची असेल तर असा कागद शंभर गॅझेटियरांच्या तोलाचा.

टप्पा ६: आता पुराभिलेखागार

महाराष्ट्राचे पुराभिलेखागार काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. जाण्याआधी फोन करून प्रवेशाचे नियम विचारा. ओळखपत्र आणि एखाद्या संस्थेचे किंवा प्राध्यापकांचे पत्र जवळ असू द्या. शिसपेन्सिल न्या. डबा बाहेर खा. मी पहिल्या दिवशी पेन घेऊन गेलो, पत्र विसरलो आणि साडेदहाला परत लोकलमध्ये होतो.

मागणीपत्रावर 'वाडिया घराण्याची माहिती' असे लिहू नका. तिथे माणसांच्या फायली नाहीत, खात्यांची दप्तरे आहेत. टप्पा ४ चा तक्ता काढा, एक जहाज निवडा, कणा घातल्याच्या आधीचे वर्ष आणि उतरवल्यानंतरचे वर्ष यांच्यामधल्या पब्लिक डिपार्टमेंटच्या डायऱ्या मागा.

डायरी समोर आली की घाई करू नका. भलामोठा खंड, तपकिरी झालेली शाई, कडेला वाळवीची नक्षी. मजकूर लगेच वाचायला घेऊ नका, आधी समास वाचा. कारकुनाने प्रत्येक परिच्छेदाचा विषय समासात चार-पाच शब्दांत लिहिलेला असतो: सुतारांचा अर्ज, सागवानाची खरेदी, नव्या जहाजाचा अंदाजखर्च. समास वाचत तासाला साठ-सत्तर पाने होतात. मजकूर वाचत बसलात तर आठ.

काय शोधायचे? अर्ज, बढती, पगारवाढ, बक्षीस, आणि मृत्यूनंतर मुलाने केलेली जागेची मागणी. शेवटचा कागद सोन्यासारखा: त्यात बापाचे नाव, नोकरीची वर्षे आणि वारसाचे नाव एकाच जागी असते. पण मुलगा बापाची नोकरी वाढवून सांगणारच, हे लक्षात ठेवा.

सावधान: पैशांचे आकडे. कंपनीच्या जुन्या मुंबई हिशेबात रुपये, क्वार्टर आणि रेस असत. एका रुपयाचे ४ क्वार्टर, एका क्वार्टरचे १०० रेस. म्हणून १२-२-५० म्हणजे साडेबारा रुपये आणि वर ५० रेस, म्हणजे बारा रुपये दहा आणे. बारा रुपये दोन आणे नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे: शेवटचा आकडा ११ च्या वर गेला तर तो पै असूच शकत नाही.

पान फाटलेले किंवा खाल्लेले निघाले तर हताश होऊ नका. मुंबई सरकारच्या कामकाजाच्या नकला लंडनला जात असत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. मुंबईतल्या पानाची तारीख आणि विषय कळवून नक्कल मागवता येते. इथल्या प्रतीत नसलेली ओळ तिथे सापडते, कधी उलटेही होते. दोन्ही पाहिल्या असतील तर वहीत दोन्ही लिहा.

टप्पा ७: घर, वारस, मृत्यू

इथे मराठी शोधकांची सवय आडवी येते. आपण समाधी, थडगे, शिळा शोधतो. पारशी माणसाचे थडगे नसते, दखमा (शव ठेवण्याचा मनोरा) असतो. अगियारीत इतरांना प्रवेश नाही. बाहेरच्या भिंतीवर स्थापनेची पाटी असेल तर ती दारातून वाचता येते. त्यापलीकडचे काम ओळखीच्या पारशी घराकडे सोपवा, आणि नम्रपणे सोपवा.

मृत्युपत्रासाठी कोर्टांचा क्रम पाठ करा. मेयर्स कोर्ट १७२६ च्या सनदेने, त्याच्या जागी १७९८ मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४ पासून सुप्रीम कोर्ट, १८६२ पासून हायकोर्ट. मृत्यूचे वर्ष ठाऊक असेल तर कोणत्या कोर्टाचे दप्तर मागायचे ते आपोआप ठरते. माणूस जिवंत असतानाही कोर्टात दिसतो: घराचा वाद, कर्जाची वसुली, जामीन. अशा दाव्यात शेजाऱ्यांची नावे येतात आणि घर कोटाच्या आत कोणत्या गल्लीत होते ते कळते.

गोदी प्रत्यक्ष बघायची इच्छा होईल. १७५० ची सुकी गोदी लायन गेटच्या आत आहे आणि ती जागा नौदलाची आहे. परवानगीशिवाय आत जाता येत नाही. फाटकाबाहेरून फोटो काढायचा प्रयत्न करू नका, पहारेकऱ्याला तुमचे संशोधन समजावण्यात दुपार जाईल.

टप्पा ८: जुळवणी

आता वहीतल्या सगळ्या नोंदी एका लांब कागदावर तारखेने मांडा. वर्तमानपत्राच्या कोऱ्या रोलचा तुकडा मिळाला तर उत्तम. प्रत्येक नोंदीपुढे त्या वेळचे वय लिहा. बारा वर्षांचा मास्टर बिल्डर किंवा नव्वदाव्या वर्षी बढती दिसली, तर तिथे दोन माणसे एकावर एक बसली आहेत. बापाच्या नावापाशी जाऊन धागा उसवा.

हुद्देही तपासा. मुख्य सुतार, फोरमन, साहाय्यक बिल्डर आणि मास्टर बिल्डर ही चार वेगळी पदे आहेत. बाप-मुलगा किंवा चुलतभाऊ जोडीने पदावर असत. मानेकजी आणि बोमनजी या लवजींच्या मुलांनी बापामागे काम एकत्र पाहिले. अशा काळातले जहाज एकट्याच्या नावावर टाकण्याआधी त्या वर्षीचा कागद पुन्हा उघडा.

दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर घटनेच्या जवळचा, आणि ज्याला खोटे बोलून काही मिळणार नव्हते त्याचा, आधी धरा. दुसरा खोडू नका, खाली बारीक अक्षरात राहू द्या. निर्णय होत नसेल तर 'ठरत नाही' असे लिहा आणि पुढे चला.

सगळ्यात शेवटी वहीचे दुमडलेले पान उघडा. आजीच्या गोष्टीतले काय टिकले त्यावर खूण करा. माझ्या बाबतीत जहाजाचे नाव चुकीचे निघाले, वर्ष चुकीचे निघाले, माणूसही एक पिढी अलीकडचा निघाला. त्याचा पगार मात्र आजीने रुपयापर्यंत बरोबर सांगितला होता.